विमानाचे तास आणि घरचे अंतर

जालना जिल्ह्यातील हसनाबादच्या एखाद्या घरातील मुलगा लंडनला नोकरीस आहे, असे समजा. “तो किती दूर आहे?” या प्रश्नास घरात हल्ली एकच उत्तर मिळते: “नऊ-दहा तास!” मुंबई ते लंडन हे सुमारे 7,200 किलोमीटरांचे अंतर विमान तेवढ्या वेळात तोडते, हे खरे. 1931 साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी 29 ऑगस्टला मुंबईहून आगबोटीने निघाले, ते 12 सप्टेंबरला लंडनला पोचले. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले आणि पंधरवड्याचा प्रवास दोनेक दिवसांवर आला. आज तो एका रात्रीचा झाला आहे.

परंतु अंतर तेच असले तरी वेळ तोच राहत नाही. उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लंडनहून येणाऱ्या विमानास जाणाऱ्यापेक्षा सुमारे तासभर कमी लागतो. 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरांनी लांबली. पण वारा पाठीशी असल्याने जवळजवळ दोन तास वाचले! उलट, 2019 साली पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

तिकिटावरील वेळाही फसव्या असतात. त्या ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एक वाजता निघून दहा तास उडालेले विमान लंडनला सायंकाळी साडेपाचास उतरते. पाहणाऱ्यास प्रवास साडेचार तासांचाच वाटतो!

शिवाय विमान हसनाबादेत उतरत नाही. मुलाने रजा मिळवावी, तिकीट काढावे, दोन-तीन तास आधी विमानतळ गाठावा. मुंबईस उतरल्यावर छत्रपती संभाजीनगरचे विमान मिळाले तर बरे. नाही तर जालन्यापर्यंत रेल्वेचे सात-आठ तास आणि पुढे मोटार. दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला, तर नऊ तासांचा सहज दीड दिवस होतो.

हा हिशेब केवळ करमणुकीचा नव्हे. वडीलधारे माणूस अंथरुणास खिळले, की “परदेशात त्याला उगाच काळजी नको” म्हणून मुलास कळवायचे नाही, अशी आपल्या घरांतून रीत आहे. हेतू मायेचाच; पण “बोलावले की येईल” या भरवशावर दिवस निघून जातात आणि अखेरची भेट तेवढी राहते. म्हणून दुखणे बळावण्याची वाट न पाहता, आठ दिवस आधीच त्यास खरे काय ते सांगावे. निघायचे की थांबायचे, हे त्याला ठरवू द्यावे. वाऱ्याने वाचलेला तास आपल्या हाती नाही. वेळेवर दिलेला निरोप मात्र आहे.