माणसं कुठे दाटतात?

२०११च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ३४३ माणसं, शेजारच्या उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) २१९ आणि गडचिरोलीत अवघी ७४. गंमत म्हणजे तिघांत पाऊस जास्त गडचिरोलीतच. पण तिथली बहुतेक जमीन जंगलाखाली आहे. नुसत्या पावसावर वस्ती ठरत नाही.

लातूर जिल्ह्यातलं उदगीर घ्या. बालाघाटच्या पठारावरचं गाव, जवळ मोठी बारमाही नदी नाही, खाली काळा कातळ. तरी वस्ती लाखावर. पहिलं कारण पायाखाली आहे. बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिने धरून ठेवलेल्या ओलीवर हरभरा, रब्बीची ज्वारी सिंचनाशिवाय निघते. जळकोटकडच्या माळावरची मुरमाड जमीन ही ओल धरत नाही.

दुसरं कारण वाट. उदगीरचा किल्ला बिदरजवळ, वाटेवरचा. १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीरच्याच लढाईत. पुढे रेल्वे आली, मोंढा वाढला. आडतीवर तूर उतरली की हमाल, डाळमिल, ट्रकवाले, बँक, मग शाळा आणि शिकवण्या! माणूस माणसाला ओढतो, आणि माझ्या मते आज ही ओढ मातीपेक्षा जबर आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पण शहर काही उठलं नाही. गाव सोडून पुण्या-हैदराबादची वाट धरतात ती कोरडवाहू शिवारातली, तांड्यांवरची माणसं.