पहाटेचा बंब

घरात सर्वांच्या आधी जो उठे त्याच्याकडे बंबाची जबाबदारी ओघानेच येई; आमच्या घरी ती आजीकडे होती, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक नातवाला तिची पहिली ताकीद एकच असे: “आधी पाणी, मग विस्तव.” ही ताकीद निव्वळ शिस्तीची नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. बंबात जोवर पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा 100 अंशांच्या फारसा पुढे तापत नाही. पण तो कोरडा तापला, की कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले सांधे 200 अंशांच्या आसपास मऊ पडतात आणि बंब जागोजाग गळू लागतो.

मोकळ्या पाणचुलीवर हंडा चढवला असता ज्वाळांचा मोठा अंश बाजूने निसटून जातो. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर आणण्यास 800 किलोकॅलरी उष्णता पुरते, आणि तेवढी पाव किलो सुक्या लाकडात सामावलेली असते. तरीही अशा चुलीला एकदीड किलो सरपण सहज लागते. ही उधळपट्टी टाळण्यासाठी बंबात विस्तवच पाण्याच्या पोटात नेलेला असतो: मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, सभोवार पाणी. नळीतली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घेण्यास जाळीखालून थंड हवा आत शिरते, आणि फुंकणीवाचून विस्तव रसरसतो. म्हणूनच रोज राख काढणे व अधूनमधून नळीतली काजळी खरवडणे ही कामे क्षुल्लक भासली तरी बंबाचे सारे चलनवलन त्यांवरच अवलंबून असते. ढलप्या, करवंट्या, चिपाडे, काहीही चालते, मात्र ते सुके हवे. ओले लाकूड आपली बरीच उष्णता स्वतःतले पाणी उडवण्यातच खर्ची घालते.

धूर असह्य झाला की माणूस दार उघडतो. निखाऱ्यांचे तसे नाही. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, आणि कोंडलेल्या न्हाणीघरात संकटाची जाणीव होण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. बंब पडवीत किंवा मागच्या अंगणातच पेटवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. येथे थंडीची सबब कदापि ऐकू नये.

दिवाळीच्या आधी आजी चिंच आणि मीठ घेऊन बंबापुढे बसे, आणि नरकचतुर्दशीच्या अंधाऱ्या पहाटे त्या लखलखीत तांब्यावर अंगणातल्या पणत्या दिसत.