कुहीचे शके, बालीचे शके

२२ मार्च २०२३, बुधवार. कुहीत गुढ्या उभ्या राहिल्या, शके १९४५ सुरू झाले. त्याच दिवशी इंडोनेशियातल्या बाली बेटावर विमानतळ चोवीस तास बंद होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते आणि घराघरांतले दिवे मालवलेले होते. तिथेही नववर्षच होते. तिथल्या कॅलेंडरवर त्या दिवशी जे नवे साल लागले, त्याचा आकडा होता १९४५.

देवळे, धबधबे आणि समुद्रकिनारे एकाच सहलीत, तेही बेताच्या खर्चात पाहायचे म्हटले की जोडप्यांच्या तोंडी हल्ली बालीचे नाव येते. कुहीहून नागपूर चाळीसेक किलोमीटर. नागपुराहून बालीला थेट विमान नाही, म्हणजे वाटेत एकदा तरी विमान बदलणे आले. उतरल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या व्हिसाला माणशी पाच लाख रुपिया लागतात. आकडा ऐकून छातीत धस्स होते, पण आपल्या पैशांत तो अडीच-तीन हजारांच्या आसपास बसतो. फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून बेटाचा म्हणून आणखी दीड लाख रुपिया कर घेतात. राहणे-खाणे काटकसरीने जमते. हा सगळा हिशेब कुणीही सांगेल. मला सांगायचे आहे ते भिंतीवरच्या पंचांगाच्या माथ्यावर छापलेल्या त्या चार आकड्यांबद्दल. ते बरोबर घेऊन गेलेल्या माणसाला बाली निराळीच दिसते, असे मला मनापासून वाटते.

शक ही कालगणना इ.स. ७८ पासून मोजतात. तिची सुरुवात पश्चिम भारतातल्या शक-क्षत्रपांच्या राजवटीशी जोडतात; शालिवाहनाचे नाव तिला पुष्कळ नंतर लागले. ज्योतिष्यांना ती फार सोयीची पडली. राजा मेला, घराणे बुडाले, तरी वर्षाचा आकडा पुढेच जात राहतो. हे वरवर दिसते तेवढे साधे नाही, आणि ते कळायला कुही तालुक्याइतकी चांगली जागा नाही.

तालुक्यातल्या मांढळला १९७५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर विद्यापीठाच्या अजय मित्र शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. विटांच्या देवळांचे अवशेष निघाले, शैव आणि वैष्णव शिल्पे निघाली. मांढळनेच वाकाटक राजांचे ताम्रपटही दिले. चौथ्या-पाचव्या शतकातला हा ऐवज. पण ताम्रपटांवर तारीख कशी, तर अमुक राजाच्या राज्याचे पाचवे वर्ष, तमुक राजाचे दहावे वर्ष. राजा गादीवर कधी बसला हेच नक्की ठाऊक नसेल तर पाचवे वर्ष कोणते धरायचे? वाकाटकांच्या सनावळीबद्दल विद्वान इतकी वर्षे भांडत आले आहेत, त्याचे एक मूळ इथे आहे. त्या काळोखात एक दिवा आहे, वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा शिलालेख. राजा देवसेनाच्या काळचा, एका तलावाबद्दलचा, आणि त्यावर शके ३८० पडलेले आहे. त्या एका आकड्याने, म्हणजे इ.स. ४५८ ने, अख्ख्या घराण्याच्या इतिहासाला खुंटी मिळाली.

आता बालीच्या सनूर किनाऱ्यावर या. पूर्वेकडे तोंड केलेला हा शांत किनारा सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या दक्षिण अंगाला ब्लांजोंग नावाच्या वस्तीत एक लहानसे देऊळ आहे आणि तिथे काचेआड पावणेदोन मीटर उंचीचा एक दगडी खांब उभा आहे. १९३२ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आला. श्री केसरी वर्मदेव या राजाचा तो लेख. त्यातला काही मजकूर जुन्या बाली भाषेत आहे, पण लिपी आहे आरंभीची नागरी, म्हणजे तुम्ही आत्ता वाचता आहात त्या लिपीची पणजी. उरलेला मजकूर संस्कृतात आहे, आणि तो मात्र तिकडच्या कावी लिपीत. त्यांची भाषा आपल्या अक्षरांत आणि इकडची भाषा त्यांच्या अक्षरांत, एकाच दगडावर!

या खांबावरची तारीख आकड्यांत नाही, शब्दांत आहे: शर, वह्नी, मूर्ती. मदनाचे बाण पाच. यज्ञाचे अग्नी तीन. शिवाच्या मूर्ती आठ: पंचमहाभूते, सूर्य, चंद्र आणि यजमान. अशी संख्या उजवीकडून डावीकडे वाचायची असते, म्हणून पाच-तीन-आठ उलटे होऊन शके ८३५. महिना फाल्गुन. त्यात ७८ मिळवले की ९१३ येतात, पण फाल्गुन हा वर्षाचा शेवट, तोवर इंग्रजी साल पालटलेले असते. म्हणून हा लेख इ.स. ९१४ च्या सुरुवातीचा. मांढळच्या शिल्पांमध्ये अनेक मुखांचा एक शिव आहे आणि त्याचा संबंध अभ्यासक याच अष्टमूर्ती कल्पनेशी लावतात. कुही तालुक्यात जी कल्पना दगडात घडवली गेली, तीच पुढे समुद्रापलीकडे आठ हा आकडा सांगायला वापरली गेली. त्या खांबापुढे उभे राहायला देवळातल्या दक्षिणेपलीकडे फारसा खर्च येत नाही, आणि सनूरला जाणारे बहुतेक जण तिकडे न वळताच परततात याची मला खरोखर हळहळ वाटते.

शकाचा आकडा एकट्या बालीलाच गेला असे नाही. कंबोडियात साम्बोर इथे सापडलेल्या एका शिलालेखात शके ६०५ आहे, आणि त्यातले मधले शून्य एका टिंबाने दाखवले आहे. तारखेसह सापडलेल्या सर्वांत जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी १९३१ मध्ये त्याचे महत्त्व दाखवून दिले. नंतर कंबोडियाच्या होरपळीत तो दगड दिसेनासा झाला आणि २०१३ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या अमीर अक्झेल यांनी तो पुन्हा शोधून काढला. फिलिपिन्समध्ये लागूना इथे १९८९ मध्ये एक ताम्रपट मिळाला. एका कुटुंबाचे कर्ज फिटल्याचा तो दाखला, आणि त्यावर शके ८२२, वैशाख, वद्य चतुर्थी, सोमवार. कर्जफेडीच्या कागदावर तिथी-वार घालण्याची ही रीत आपल्याकडच्या जुन्या सावकारी कागदपत्रांतही आहे. जावा बेटाने तर आणखी वेगळे केले. १६३३ मध्ये सुलतान आगुंगने तिथली कालगणना इस्लामी चांद्रमासांवर बसवली, पण आकडा मोडला नाही. शके १५५५ होते, ते तसेच पुढे मोजायला घेतले. चांद्रवर्ष लहान असल्यामुळे जावाचा आकडा आता आपल्या पुढे निघून गेला आहे.

हे ऐकले की आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणते, आपल्या लोकांनी तिकडे राज्य केले होते. मला हा अभिमान खोटा वाटतो. व्यापारी गेले, पंडित गेले, तिकडचे लोकही इकडे येत होते. आणि तिथल्या राजांनी या गणनेतले जे उपयोगी वाटले ते उचलून आपले केले. बालीच्या जयपंगुस राजाचे शके ११०३ चे कितीतरी ताम्रपट आहेत, जुन्या जावी भाषेत, पण तिथल्याच गावांच्या करांबद्दल आणि हक्कांबद्दल. त्यानंतर सातच वर्षांनी, शके १११० मध्ये, मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला. तो कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याला लिहिला गेला, अशी विदर्भाची परंपरा आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा तो संगम, काठावर चैतन्येश्वराचे देऊळ. अंबाजोगाईकरही मुकुंदराजांवर हक्क सांगतात आणि तिथे त्यांची समाधी दाखवतात. तो वाद इथे सोडवायला नको. संस्कृतातले ज्ञान आपल्या माणसांच्या बोलीत आणणारा एक ग्रंथकार इकडे, आपल्या गावांचा कारभार ताम्रपटांवर लिहून ठेवणारा एक राजा तिकडे, आणि दोघांच्या काळाला एकच मोजपट्टी. आंभोऱ्याच्या पुलावर उभे राहून हे आठवले की अंगावर काटा येतो.

बालीचे महिने पाहिले तर आणखी गंमत वाटते. बहुतेक महिन्यांना नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत: पहिला, दुसरा, तिसरा. शेवटचे दोन मात्र ज्येष्ठ आणि आषाढ, जरी ते आपल्या ज्येष्ठ-आषाढाशी नेमके जुळत नाहीत. आणि वर्ष पालटते ते दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी! महिन्यांची मोजणी शेतीच्या हंगामावर बसलेली, वर्षाची मोजणी चैत्राच्या सुमाराला पालटणाऱ्या शकावर. दोन्ही ठेवल्या, एकीसाठी दुसरीला मोडले नाही. शिवाय त्यांचे दुसरे एक चक्र आहे, २१० दिवसांचे. बहुतेक देवळांचे उत्सव त्या चक्राने येतात. बेटावर देवळे हजारोंनी, त्यामुळे वर्षात कधीही जा, कुठे ना कुठे उत्सव चालूच असतो. देवळात गेल्यावर मूर्ती शोधू नये. उंच दगडी आसन असते, वर कुणी नसते. उत्सवाच्या वेळी देव तिथे येऊन बसतो, असे ते मानतात.

धबधब्यांचा या सगळ्याशी काय संबंध, असे वाटेल. उत्तर बालीतले सेकुंपुल, गितगित हे धबधबे ज्वालामुखी डोंगरांच्या उतारांवर आहेत. वरचे ढग डोंगर अडवतो, पाणी मऊ ज्वालामुखी खडकात खोल घळी कोरत खाली येते. एवढ्या खोल घळीतले पाणी शेतात चढवायला बालीच्या शेतकऱ्यांनी वर बंधारे घातले, डोंगरातून बोगदे खोदले आणि ते पाणी उतरत्या धानाच्या बांध्यांमधून खेळवले. पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला सुबक म्हणतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशात स्थान दिले. कोणत्या गावाने रोवणी कधी करायची हे जलदेवळांमध्ये बसून ठरते. १९७० च्या दशकात सरकारने जास्त उत्पादनासाठी वर्षभर पीक घ्यायला लावले. जो तो आपल्या मर्जीने लावू लागला, आणि किडींनी थैमान घातले. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी संगणकावर मांडून दाखवले की एका मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या बांध्या एकाच वेळी रिकाम्या ठेवल्या तर किडीला खायला उरत नाही. आणि सगळेच एकदम लावू लागले तर पाणी पुरत नाही. या दोन्हींमधला तोल जलदेवळांच्या तिथ्या साधत होत्या. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांचे पाणी कुणाच्या बांधीत आधी, कुणाच्या नंतर, यावरून रात्र जागवलेल्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता नववर्षाकडे. बालीत त्या दिवसाला न्येपी म्हणतात. आधीच्या दिवसांत गावोगावच्या मिरवणुका देवळातल्या पवित्र वस्तू डोक्यावर घेऊन समुद्रावर जातात, शुद्धीसाठी. ज्या किनाऱ्यांवर एरवी पर्यटक पहुडलेले असतात तिथे पांढऱ्या वस्त्रांतली अख्खी गावे उतरतात. मग अमावास्येच्या संध्याकाळी बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, ओगो-ओगो, खांद्यांवर घेऊन पोरे चौकाचौकांत गरागरा फिरवतात, वाजंत्र्यांचा कल्लोळ होतो आणि पुष्कळदा शेवटी ते जाळतात. नागपूरकडच्या माणसाला मारबत आणि बडगे आठवल्यावाचून राहणार नाहीत. तीही अमावास्येच्या पोळ्याला लागूनच निघते, तीही गावाची इडापिडा घेऊन जाते, तिलाही अखेर आगच लागते. या दोन रीतींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. माणसांना अमावास्येला तेच सुचले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुढचे चोवीस तास सगळे बंद. दिवा-आग नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमाने उतरत नाहीत. २०१८ पासून मोबाईलचे इंटरनेटही बंद ठेवतात. पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. गावाचे राखणदार गस्त घालत असतात. अमावास्या नुकतीच सरलेली, बेटावर एक दिवा नाही, आकाश निरभ्र असेल तर आकाशगंगा दिसते. पैसे मोजून मोजून खर्च करणाऱ्या जोडप्याला मी तर म्हणेन की त्या दिवशी तिथेच असावे. हॉटेलच्या भाड्यापलीकडे एक पैसा खर्च होऊ शकत नाही आणि पाहण्यासारखे त्याहून मोठे काही बेटावर नाही.

मात्र तारीख बालीच्या पंचांगातून घ्यावी, आपल्या नव्हे. वर्षाचा आकडा एक असला तरी अधिक महिना कधी घालायचा याचे नियम वेगळे आहेत. आपण शके १९४५ मध्ये अधिक श्रावण घातला. त्यांचा अधिक महिना शके १९४६ मध्ये पडला. त्यामुळे २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. २०२५ मध्ये एका दिवसाचे अंतर राहिले, तिकडे २९ मार्च, इकडे ३० मार्च. आणि २०२६ च्या पंचांगांत दोघांचेही नववर्ष १९ मार्चलाच पडते, शके १९४८. पाडव्याला घरची गुढी चुकवायची नसेल तर २०२४ सारखे वर्ष निवडावे. बालीतली ती काळोखी रात्र पाहून कुहीला परत यायला, कडुलिंबाचा पाला आणि साखरेच्या गाठी आणून ठेवायला हाताशी चांगला महिनाभर उरतो.