तार खाली येते, फांदी वर जाते



वारा सुटला की लाईट जाते, हे आपल्या मुलांना पाठच आहे. का जाते, असं विचारलं की वर्गातून एकच उत्तर येतं, "बाई, वायर तुटली!" बऱ्याचदा वायर तुटलेली नसतेच. फांदी तारेला टेकलेली असते. ओल्या फांदीत पाणी आणि क्षार असतात, त्यातून वीज जमिनीकडे वाट काढते आणि उपकेंद्रातला ब्रेकर लाईन बंद करतो. उच्च दाबाच्या तारेला तर फांदी टेकावीही लागत नाही. पुरेशी जवळ आली की मधल्या हवेतूनच ठिणगी उडते.

आता खरी अडचण बघा. सकाळी मोकळी दिसलेली तार दुपारी मोकळी असेलच असं नाही. ऊन आणि आतून वाहणारी वीज यांनी तार तापते, लांबते आणि तिला झोळ पडतो. लांबते किती? अगदी थोडी. पण झोळ मात्र बराच वाढतो. मुलांना हे पटत नाही, म्हणून करून दाखवा. भिंतीवर एकाच उंचीवर १०० सेंमी अंतराने दोन खिळे ठोका. त्यांच्यात १०१ सेंमी सुतळी बांधा आणि मधोमध कपड्याचा चिमटा लावा. सुतळी फक्त १ सेंमी जास्त, पण मधला भाग सुमारे ७ सेंमी खाली येतो! 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे वाक्य मग पाठ करून घ्यावं लागत नाही.

याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेत मिळाला. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तीन लाईन ३:०५ ते ३:४१ या वेळेत एकामागून एक झाडांना लागून बंद पडल्या. तिन्हींवर क्षमतेपेक्षा जास्त भार नव्हता. खालची झाडंच वेळेवर छाटली नव्हती. त्यात नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही बंद पडलेली, त्यामुळे कुणाला वेळेत कळलं नाही. बंद लाईनचा भार उरलेल्यांवर गेला आणि संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्क, डेट्रॉइट, कॅनडातलं टोरांटो, सगळं अंधारात. सुमारे ५ कोटी लोक!

म्हणून आता मोठ्या लाईनवर हेलिकॉप्टर किंवा ड्रोनमधून लायडारने पाहणी करतात. लेझरचे किरण तारेवर आणि झाडावर आपटून परत येतात, त्यावरून दोघांतलं अंतर मोजलं जातं. पण आजचं अंतर मोजून भागत नाही. कडक उन्हात तार किती खाली येईल आणि पुढच्या पाहणीपर्यंत झाड किती वाढेल, याचा हिशोब आधीच मांडतात.

आपल्या गल्लीत ड्रोन नाही, पण डोळे आहेत. वाऱ्याच्या झुळकीसरशी दिवे फडफडतात का? तारेजवळच्याच पानांची टोकं करपलेली आहेत का? रात्री झाडात ठिणगी दिसते? खांबाच्या ताणावरून वेल वर चढलाय? आणि एक गोष्ट बहुतेक सगळ्यांच्याच नजरेतून सुटते, ती म्हणजे तारेपासून लांब असलेलं पण तिच्याकडे झुकलेलं वाळकं झाड. फांदी दूर असली तरी झाड आडवं झालं की तारेवरच.

मे महिन्याच्या सुट्टीआधी परिसर अभ्यासात ही पाहणी घ्या. मुलं रस्त्यावरून, लांबूनच बघतील, कुणी झाडाखाली जाणार नाही, हे आधी बजावा. खांबावर नंबर असेल तर लिहून घ्या आणि १९१२ वर किंवा आपल्या वायरमनला कळवा.

पालकहो, तुम्हाला वेगळं सांगते. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या काढायला आपल्याकडे लोखंडी गजाची आकडी वापरतात. तारेजवळच्या झाडाला ती लावू नका. ओला बांबूही नको. आणि "एवढीशी फांदी, मीच तोडतो" म्हणून कोयता घेऊन वर चढू नका. आधी लाईन बंद करावी लागते, आणि ते काम वायरमनचं आहे.