५६ की ६०?

गोल्फपटू रॉरी मॅकिलरॉयनं एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्स जिंकून मिळवलेल्या हिरव्या कोटाबद्दल भरपूर छापून आलं आहे. गुडघ्यांवर कोसळून रडणारा रॉरी, अकरा वर्षांचा मेजर स्पर्धांचा दुष्काळ, करिअर ग्रँड स्लॅम (चारही मेजर जिंकणं) पुरं करणारा सहावा माणूस, हे सगळं तुम्ही वाचलंच असेल. मला त्या रात्रीचे दोनच फटके हवे आहेत. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, आंबेडकर जयंतीची सुट्टी होती आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे अलिबागेत पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिला फटका तेराव्या होलवरचा. हातात वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा तिरप्या तोंडाचा क्लब), अंतर ऐंशी यार्डांच्या घरातलं, डावीकडे ऐसपैस हिरवळ. हा फटका त्यानं झोपेतही मारला असता. चेंडू उजवीकडे सरकला आणि ओढ्यात गेला. दुसरा फटका प्लेऑफमधला. पुन्हा वेजच, फक्त कमी लॉफ्टची, म्हणजे तोंड कमी कललेली. चेंडू झेंड्याच्या पुढे पडून मागे फिरला आणि चारेक फुटांवर थांबला. त्याच माणसानं एकाच दिवशी एका वेजनं मास्टर्स घालवत आणली होती आणि दुसरीनं ती परत मिळवली.

दुपारपर्यंत मला तीन फोन आले. तिघेही मुंबईकर, तिघांचेही अलिबागेत बंगले. मांडव्याहून रो-रो बोटीनं परतताना ज्यांच्या डिकीत आंब्याची पेटी असते, पांढऱ्या कांद्याची माळ असते आणि त्यांखाली गोल्फची पिशवी असते, त्यांच्यातले हे. तिघांचा प्रश्न एकच: ६० अंश लॉफ्टची वेज घ्यावी का? (आमच्या घरात ‘वेज’ म्हटलं की अजूनही थाळीच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हे संभाषण मी गच्चीवर जाऊन केलं.)

६० अंशांच्या वेजचं वेड लावणारा माणूस त्याच्या आदल्याच महिन्यात, मार्च २०२५ मध्ये वारला. डेव्ह पेल्झ हे नाव आपल्याकडच्या पानांवर फारसं झळकलं नाही. कॉलेजात असताना हा जॅक निकलसविरुद्ध बावीस वेळा खेळला आणि बावीसही वेळा हरला. मग त्यानं शहाणपणा केला: भौतिकशास्त्राच्या पदवीवर नासात नोकरी धरली आणि वरच्या वातावरणावर संशोधन करत राहिला. पण डोक्यातला गोल्फ काही गेला नाही. मोठमोठ्या खेळाडूंच्या मागे वही घेऊन फिरत त्यानं हजारो फटक्यांची नोंद केली. निष्कर्ष असा निघाला की साठ टक्क्यांहून अधिक फटके शंभर यार्डांच्या आतच मारले जातात आणि सामने तिथेच हातचे जातात. मग तिथे वापरायची हत्यारं इतकी कमी का? पिशवीत तेव्हा पिचिंग वेज आणि सँड वेज अशा दोनच असत. पेल्झच्या सांगण्यावरून व्यावसायिक खेळाडू टॉम काइटनं १९८० मध्ये तिसरी, ६० अंशांची वेज ठेवली आणि १९८१ मध्ये अमेरिकी टूरवर बक्षिसाची सर्वाधिक रक्कम त्यानंच मिळवली. मग काय, कंपन्यांनी ती ‘लॉब वेज’ म्हणून बाजारात आणली. पुढे पेल्झ ६४ अंशांचीही भलावण करू लागला आणि त्याचा शिष्य फिल मिकेल्सननं तीही वापरून दाखवली.

माणूस विलक्षण होता, यात वाद नाही. पण त्याच्या आकड्यांवर मला पहिल्यापासून थोडा संशय आहे. साठ टक्के फटके जवळचे, हे खरं. पण त्यांतला मोठा हिस्सा पटचा, म्हणजे हिरवळीवरून चेंडू ढकलण्याचा असतो, वेजचा नव्हे. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडीनं पुढे याच प्रश्नाचा हिशेब नव्यानं मांडला, तेव्हा चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा लांबच्या फटक्यांचा निघाला. बंगलेवाल्या मित्रांना हे पटत नाही. लांबचा फटका दुकानात मिळत नाही, वेज मिळते.

आणि दुकानानं आणखी एक गंमत करून ठेवली आहे. जुन्या संचातली पिचिंग वेज ४८ अंशांच्या आसपास असायची. ‘आमचा क्लब जास्त लांब मारतो’ असं मिरवायला कंपन्यांनी ती हळूहळू ४४-४५ वर आणली. नाव तेच, लॉफ्ट कमी, चेंडू साहजिकच लांब. मग तिच्यात आणि ५६ च्या सँड वेजमध्ये भलामोठा खड्डा पडला. तो बुजवायला गॅप वेज. खड्डाही त्यांचाच, भरावही त्यांचाच, आणि बिल आपलं. पिशवीत चौदाच क्लब चालतात, तेव्हा ६० घ्यायची म्हणजे दुसरं काहीतरी काढावं लागतं, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

खरं तर क्लबच्या डोक्यावरच्या आकड्यापेक्षा बुडाचा आकार महत्त्वाचा. त्याला ‘बाउन्स’ म्हणतात. क्लबची पुढची कड आणि तळ यांच्यातला हा कोन साधारण चार अंशांपासून चौदापर्यंत असतो. एकदा मुंबईतल्या एका दुकानात मी बाउन्स किती, एवढंच विचारलं. विक्रेत्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण नजर स्पष्ट विचारत होती, अलिबागसे आया है क्या? (बावळट ठरवणाऱ्या याच वाक्प्रचारावर बंदी आणा म्हणून आमच्याकडचे एक गृहस्थ २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयानं मनावर घेऊ नका, असं सांगून याचिका फेटाळली. मीही घेतलं नाही. आलो होतो अलिबागहूनच.)

बाउन्स समजायचा तर बिडाच्या तव्यावरचं घावन आठवा. नवशिका उलथन्याची धार खाली खुपसतो आणि घावन फाडतो. आजी उलथनं जवळजवळ आडवं धरते, ते तव्याला चाटत सरकतं आणि घावन अख्खं वर येतं. बाउन्स कमी असला की कड वाळूत रुतते. पुरेसा असला की तळ सरकतो, चेंडूखालची वाळू उडते आणि चेंडू तिच्यावर बसून बाहेर पडतो. बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, क्लबनं चेंडूला शिवायचंच नसतं.

हे ज्यानं ओळखलं तो गोल्फपटू जीन साराझेन. विमान उडताना शेपटीकडचा भाग खाली दबतो तेव्हा नाक वर उठतं, हे पाहून त्यानं आपल्या निब्लिक नावाच्या जुन्या क्लबच्या बुडाला डाग देत देत धातू चढवला. १९३२ ची ब्रिटिश ओपन तो ती घेऊन जिंकला. कुणी हरकत घेईल या भीतीनं म्हणे तो ती कोटाखाली लपवून न्यायचा. ती भीती अगदीच पोकळ नव्हती, कारण खोलगट तोंडाच्या वेजवर वर्षभर आधीच बंदी आली होती. आणि करिअर ग्रँड स्लॅम पुरं करणारा पहिला माणूसही साराझेनच. मॅकिलरॉय ज्या यादीत सहावा आला, तिची सुरुवात सँड वेजवाल्यापासून होते, हे मला तेव्हा कुठे वाचायला मिळालं नाही.

तर मित्रांचा प्रश्न. मी तो आमच्याकडच्या एका काकांपुढे टाकला. चेंबूरच्या गोल्फ मैदानावर उभी हयात कॅडी म्हणून काढून ते आता अलिबागजवळ गावी परतले आहेत. नाव छापू नका म्हणाले. ‘‘५६ चं तोंड थोडं उघडा, ६० झाली,’’ काका म्हणाले. ‘‘६० ची ५६ करून दाखवा बघू.’’ मी हात पुढे रेटून दाखवलं, तशी कड थेट जमिनीत गेली. तोंड उघडलं की लॉफ्ट वाढतो आणि बाउन्सही वाढतो. मिटायला गेलं की दोन्ही जातात. शिवाय तेच अंतर गाठायला ६० नं झोका मोठा घ्यावा लागतो, आणि झोका मोठा तितकी चूक मोठी. ‘‘साहेब लोक ६० काढायचे ना,’’ काका म्हणाले, ‘‘तेव्हा आम्ही आधी दोन पावलं बाजूला व्हायचो.’’

काकांना ६० वर्ज्य नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन टणक होते, गवत जेमतेम उरतं. तिथे जाड बुडाची ५६ जमिनीवरून उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. चेंडू ग्रीनच्या पार पलीकडे. अशा वेळी कमी बाउन्सची ६०, पण रोज हात बसलेला असेल तरच. ऑगस्टच्या चिखलात तीच ६० रुतून बसते आणि जाड बूड कामाला येतं. म्हणजे कोकणच्या हवेत वेज निवडायची तर आधी महिना विचारावा, मग अंश. माझं मत काकांपेक्षा कडक आहे: आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यानं दहा-बारा बाउन्सची ५६ घ्यावी आणि दोन पावसाळे तिच्यावरच काढावेत.

स्पॅनिश गोल्फपटू सेवे बाय्येस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच जुन्या ३ नंबरच्या आयर्नवर खेळ शिकला. तिचा लॉफ्ट वेजच्या निम्माही नसतो. पुढे त्यानं पाच मेजर जिंकल्या. किनारा तर आपल्याकडेही आहे, म्हणून बुधवारी पहाटे ओहोटी बघून काकांबरोबर वाळूवर गेलो. सुट्टीच्या गर्दीचा कचरा अजून पडून होता. कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणारी दोन माणसं सोडली तर कुणी नव्हतं. चेंडू नेलाच नव्हता. माणसांच्या किनाऱ्यावर तो आणायचाही नसतो.

काकांनी अंगठ्यानं वाळूत एक लांब रेघ ओढली. रेघेवर उभं राहायचं आणि वाळू रेघेपासूनच उडाली पाहिजे, मागून नाही. वर कोरड्या, भुसभुशीत वाळूत माझी ५६ छान सरकली. खाली पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत तीच आपटून उसळली आणि मनगट झिणझिणलं. काकांनी क्लब घेतला, तोंड सरळ केलं, हात जरा पुढे घेतले आणि रेघेवरून पातळ चकती उडवली. मग दुसरी, तिसरी. वीसेक फटक्यांत माझे रेघेवर पडले चार.

‘‘त्या तिघांना घेऊन या इथे,’’ क्लब पुसता पुसता काका म्हणाले. ‘‘आणि येताना ६० नका आणू म्हणावं.’’

तिघांपैकी दोघांनी ती तोवर मागवली होती.