मानेची नस साफ करतानाच लकवा का होऊ शकतो? सही करण्याआधी हे विचारा

अहिल्यानगर : हात अचानक लुळा पडला, अर्ध्या तासात बरा झाला. डॉपलर केलं तर मानेची नस आतून बरीच बंद निघाली. डॉक्टर म्हणतात, स्टेंट टाका किंवा ऑपरेशन करा. पण फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'यात लकवा होऊ शकतो'. मग घरचे घाबरतात. लकवा टाळायला चाललो आणि त्यातच लकवा कसा?

कचरा सुटतो म्हणजे काय?

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. त्यांना कॅरोटिड म्हणतात. बीपी, शुगर, बिडी, तंबाखू, मिश्री यांमुळे त्यांच्यात चरबीचा थर साचतो. ठिबकची मेन लाईन धुताना सुटलेला गाळ पुढे ड्रिपरमध्ये अडकतो ना, तसंच इथे होतं. फुगा फुगवताना किंवा स्टेंट बसवताना थराचा कण, रक्ताची गुठळी सुटते आणि मेंदूच्या बारीक नसेत अडकते. तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही.

हृदयाच्या अँजिओप्लास्टीतही हे होऊ शकतं, पण फारच कमी वेळा.

मग करायचंच नाही का?

तसं नाही. लक्षणं येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अडथळा असलेल्या रुग्णांवर अमेरिका-कॅनडात मोठा अभ्यास झाला. १९९१ साली त्याचे आकडे आले. दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा फक्त औषधांवर असलेल्या १०० पैकी २६ जणांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना.

स्टेंट की ऑपरेशन? २०१० च्या अभ्यासात उपचाराच्या काळात लकवा स्टेंटवाल्यांत १०० मागे सुमारे ४, तर ऑपरेशनवाल्यांत सुमारे २ जणांना झाला. हार्ट अटॅक मात्र ऑपरेशनवाल्यांत जास्त होते. सत्तरीपुढच्या माणसाला बहुतेक वेळा ऑपरेशन बरं पडतं. पण हृदय कमजोर असेल तर हिशेब बदलतो.

कण अडवायला स्टेंटच्या पुढे छत्रीसारखी बारीक जाळी उघडतात. काम झालं की कचऱ्यासकट ती बाहेर काढतात. तरी अगदी बारीक कण निसटू शकतात.

डॉक्टरांना हे विचारा

- अडथळा किती टक्के आहे? त्रास या नसेमुळेच झाला का?
- आमच्या पेशंटला स्टेंट बरा की ऑपरेशन, आणि का?
- जाळी वापरणार का?
- तुम्ही अशा किती केसेस केल्या? त्यात लकवा किती जणांना झाला?
- महात्मा फुले योजनेत बसतं का? (हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्रालाही विचारा.)

घरी आल्यावर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारा. बीपी रोज तपासा. कण पहिल्या काही दिवसांतही सुटू शकतो.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, एका डोळ्याने दिसेना, तर १०८ ला फोन करा. वेळ नक्की किती वाजता झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सगळ्यांना चालत नाही. 'वारं गेलं' म्हणून मालिश करत बसलात तर ही वेळ निघून जाते. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या.