आठ दिवस आणि एकोणतीस महिने

२०२० च्या पावसाळ्यात लातूरच्या आमच्या गल्लीत एका घरातला दिवा रोज पहाटे सव्वापाचला लागायचा. लातुरात पहाटे दिवा लागण्याचं नवल कुणालाच नाही. नीटची पोरं इथं कोंबड्याच्या आधी उठतात. पण या मुलाची नीट केव्हाच होऊन गेली होती. चीनमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठात तो तिसऱ्या वर्षाला होता. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून तिकडचा आठचा तास इकडे साडेपाचला. जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीला आला तो एका पाठपिशवीत मावतील एवढेच कपडे घेऊन. पुस्तकं, स्टेथोस्कोप, थंडीचे जाड कोट, सगळं होस्टेलच्या खोलीत राहिलं. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून यकृत कसं चाचपायचं, हे तो मोबाइलच्या काचेवर शिकत होता. आई चहाचा कप ठेवताना हळूच विचारायची, “व्हिसाचं काही कळलं का रे?”

व्हिसा आणि ऑनलाइन वर्ग यांची गाठ कशी पडली हे सांगताना बहुतेक जण अमेरिकेपासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करतो, पण तिथं फार रेंगाळणार नाही.

६ जुलै २०२० ला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानं जाहीर केलं की ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन होणार आहेत, त्यांना देशात राहता येणार नाही. एक तर प्रत्यक्ष वर्ग भरवणाऱ्या कॉलेजात बदली घ्या, नाही तर घरी जा. मुळात तिथला नियम जुनाच आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला एका सत्रात साधारण एकच ऑनलाइन विषय हिशेबात धरता येतो. मार्चमध्ये कोरोनामुळं त्यात सूट दिली होती, ती जुलैत काढून घ्यायला निघाले. त्या वेळी अमेरिकेत दहा लाखांवर परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले १,९३,१२४ भारतीय. ८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटी ही विद्यापीठं कोर्टात गेली. दोनशेवर विद्यापीठं त्यांच्या पाठीशी उभी राहिली, सतरा राज्यांनी वेगळा दावा लावला. १४ जुलैला बोस्टनच्या कोर्टात सुनावणी उभी राहिली आणि काही मिनिटांतच न्यायाधीशांनी सांगितलं की सरकार आदेश मागं घेत आहे. आठ दिवसांत खेळ खलास. परदेशी मुलांच्या फीवर या विद्यापीठांचा संसार चालतो, तेव्हा त्यांचा स्वार्थ होताच. असू दे. त्या स्वार्थानं मुलांचं भलं झालं.

आत असलेले वाचले, दारात उभे होते ते मात्र अडकले. नव्यानं प्रवेश घेतलेल्याचा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन असेल तर त्याला अमेरिकेत पाऊल ठेवता येणार नाही, हा भाग कायम राहिला. नांदेडच्या विष्णुपुरीतून, श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेतून, एमएससाठी जाणाऱ्या पोरांची परंपरा आहे. त्या वर्षी निघालेल्यांपैकी कुणी प्रवेश पुढं ढकलला, कुणी घरातूनच सत्र सुरू केलं. तिकडचा दुपारी तीनचा तास इकडे मध्यरात्री साडेबाराला. वडील अंगणात घोरताहेत, पोरगं आतल्या खोलीत अल्गोरिदमवर प्रश्न विचारतंय, आणि फी पूर्ण, तीही डॉलरमध्ये. कॅनडानं त्या मानानं शहाणपणा केला. घरी बसून ऑनलाइन शिकलेला काळही पुढच्या वर्क परमिटसाठी धरला. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२० ला लावलेलं दार डिसेंबर २०२१ पर्यंत उघडलंच नाही.

आता आमच्या गल्लीतल्या दिव्याकडे येतो.

चीननं २८ मार्च २०२० पासून परदेशी लोकांना बंदी केली. हातात चालू व्हिसा असला तरी तो कागदच. चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी तेव्हा २३ हजारांच्या घरात होते आणि त्यांतले बहुसंख्य एमबीबीएसचे. वुहानमधून ६४७ भारतीयांना फेब्रुवारीतच एअर इंडियाच्या दोन विमानांनी आणलं होतं, बाकीचे बहुतेक आपापल्या सुट्टीच्या तिकिटावर आले होते. कोर्टात जायला इथं हार्वर्ड नव्हतं. विद्यापीठं म्हणायची, सरकार ठरवेल. दूतावास म्हणायचा, आम्ही बोलतो आहोत.

मग जूनमध्ये गलवानला भारत-चीन सैनिकांची चकमक झाली. २९ जूनला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. टीव्हीवर टिकटॉक गेल्याच्या बातम्या रंगल्या, पण या मुलांच्या कॉलेजच्या नोटिसा, वेळापत्रक, शिक्षकांचे ग्रुप, सगळं वीचॅटवर होतं. नोव्हेंबरच्या ४३ ॲपच्या यादीत डिंगटॉकही गेलं, ज्यावर अनेकांचे तास चालायचे. देशभक्तीत कमी पडायचं नव्हतं आणि हजेरीही बुडवायची नव्हती. पोरांनी व्हीपीएनचा आडमार्ग धरला. एकीकडून चीननं रस्ता बंद केलेला, दुसरीकडून आपण तार कापलेली. या सापटीबद्दल तेव्हा कुणी फारसं लिहिलं नाही.

इतकी पोरं मुळात तिकडं गेलीच का, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतात. हसत विचारतात, म्हणून जरा थांबून सांगतो. निजामाच्या काळात उच्च शिक्षण म्हटलं की मराठवाड्याच्या मुलाला हैदराबादची उस्मानिया दिसायची. नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. दरम्यान शाहू आणि दयानंद कॉलेजांनी गाजवलेल्या लातूर पॅटर्ननं गुणांचा असा काही कारखाना उभा केला की बीड, परभणी, हिंगोलीपासून पोरं इथं खोली करून राहायला लागली. पुढं नांदेडनंही तोच रस्ता पकडला. मुलं तयार होत होती हजारोंनी, जागा मात्र शेकड्यांत. त्यात राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. विभागातल्या वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के त्याच विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. ज्या विभागात कॉलेजंच कमी, तिथल्या मुलाला चांगले गुण असूनही बाहेर रांगेत उभं राहावं लागे. हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं आणि ते जाहीर करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच. निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला. त्याआधी ज्यांचा नंबर थोडक्यात हुकला, त्यांच्यापुढं तीनच वाटा होत्या. पुन्हा एक वर्ष रिपीटर म्हणून बसायचं, खासगी कॉलेजची फी भरायला शेत काढायचं, किंवा एजंटच्या हॉलमधल्या पंख्याखाली बसून चीन, युक्रेन, किर्गिझस्तान, फिलिपिन्सचे फोटो बघायचे. फोटोत बर्फ असायचा. पालक बर्फ बघूनच अर्धे तयार व्हायचे.

सगळ्यात कडू घास मिळाला तो घरचाच.

८ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली. चीननं व्हिसा थांबवले आहेत, तिथली विद्यापीठं नवे प्रवेश देत आहेत, आणि केवळ ऑनलाइन केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम आपल्या नियमांत मान्य नाही, तेव्हा विचार करून पाऊल टाका. नव्यांसाठी हा सल्ला बरोबरच होता. पण जे दोन वर्षं पहाटे साडेपाचला उठत होते त्यांनी काय करायचं? व्हिसा नाही म्हणून ऑनलाइन, आणि ऑनलाइन म्हणून मान्यता नाही. एका सरकारनं आत येऊ दिलं नाही म्हणून दुसरं सरकार डॉक्टर म्हणून धरणार नाही. आयोगाचं म्हणणंही खोटं नव्हतं, हे मी कबूल करतो. मोबाइलवर यकृत चाचपलेल्या डॉक्टरकडं मी माझ्या आईला नेलं नसतं. चूक होती ती वेगळी. प्रत्यक्ष शिक्षण भरून कसं काढायचं, याचा रस्ता त्याच कागदावर लिहायला हवा होता. तो लिहायला आणखी दोन वर्षं लागली, आणि तोही तुकड्यातुकड्यांत.

तेवढ्यात युद्ध आलं. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. खारकीव्ह, विनित्सिया, लिव्हिव्ह ही नावं नांदेड-लातूरच्या आज्यांच्या तोंडी बसली. खारकीव्हला कर्नाटकच्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला आणि तोफगोळ्यात गेला, तेव्हा त्या रात्री इथल्या किती घरांत चूल पेटली नसेल. ऑपरेशन गंगातून ९० विमानांनी सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. विमानतळावर हार घातले गेले. हार उतरले तसे प्रश्न सुरू झाले. महिनाभरात तिकडच्या विद्यापीठांनी वर्ग ऑनलाइन सुरू केले. तळघरातून, सायरनच्या मधल्या वेळात शिकवणारे ते प्राध्यापक खरोखर मोठे. पण त्या वर्गांचं भारतात मोल काय, या प्रश्नावर चीनची आणि युक्रेनची पोरं एकाच बाकावर येऊन बसली.

त्यात नोव्हेंबर २०२१ चे नवे नियम डोक्यावर होते. त्यांनुसार पुढं प्रवेश घेणाऱ्यांना ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप परदेशातल्या एकाच संस्थेत करणं भाग, वर भारतात आणखी १२ महिने. म्हणजे एक कॉलेज बंद पडलं तर दुसऱ्यात जायची सोयही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या मुलांपुरती ही गाठ सैल केली आणि तात्पुरतं दुसऱ्या देशात शिकायला हरकत नाही असं आयोगानं सांगितलं. भारतीय कॉलेजांत सामावून घ्यायला मात्र केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात नकार दिला, कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून. पोरं जॉर्जिया, उझबेकिस्तानकडं वळली, काही तर युद्ध चालू असताना पुन्हा युक्रेनमध्ये गेली. त्यांच्या पालकांना तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. मी नाही काढणार. चार वर्षांची फी आणि गहाण पडलेला सातबारा माणसाकडून काय काय करून घेतो, हे बघितलं आहे.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांना जुलै २०२२ मध्ये वाट मिळाली. ३० जूनपर्यंत पदवी हातात आली असेल तर एफएमजीई ही पात्रता परीक्षा देता येईल, मात्र इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची. त्यांच्या थोडे मागं असलेल्यांना मार्च २०२३ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा केंद्रानं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की त्यांना एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग भारतातल्या कॉलेजात नाव न घालता देता येतील, एकवेळची सवलत म्हणून. २०२४ चा जून उजाडला तरी गोंधळ संपला नव्हता. भरून काढलेल्या तासांची प्रमाणपत्रं चालणार नाहीत अशी सूचना निघाली, आणि त्याच महिन्यात खुलासा आला की ज्यांनी पुरेसे प्रत्यक्ष तास खरोखर भरून काढले, त्यांना एकच वर्ष इंटर्नशिप पुरे.

चीननं विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू केले २४ ऑगस्ट २०२२ ला. एकोणतीस महिने. दार उघडलं खरं, पण थेट विमान नाही, तिकिटाचे भाव आभाळाला टेकलेले, उतरल्यावर हॉटेलात विलगीकरण, तेही स्वतःच्या पैशानं. त्याच सप्टेंबरात बीजिंगच्या भारतीय दूतावासानं पालकांसाठी सूचनापत्र काढलं. त्यात एक आकडा होता. २०१५ ते २०२१ या काळात चीनहून आलेल्या ४०,४१७ जणांनी एफएमजीई दिली, उत्तीर्ण झाले ६,३८७. म्हणजे बहुतांशी कोरोनाच्या आधीची, रीतसर वर्गात बसलेली मुलंही शंभरात सोळाच. हा आकडा एजंटच्या हॉलमध्ये मी कधी लावलेला पाहिला नाही.

गल्लीतला मुलगा त्या हिवाळ्यात गेला. होस्टेलची खोली दुसऱ्याला दिलेली होती, सामान तळमजल्यावर एका पोत्यात बांधून ठेवलेलं. स्टेथोस्कोपचं रबर कडक होऊन तडकलं होतं. वॉर्डातले राहिलेले तास त्यानं भरून काढले, पदवी घेतली, एफएमजीई तिसऱ्या वेळी निघाली. मग इंटर्नशिपसाठी थांबला, कारण परदेशातून आलेल्यांसाठी कॉलेजागणिक जागा मोजक्याच. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, माझ्या बॅचचे इथले एमडीला लागले.” तक्रार नव्हती, हिशेब होता.

यंदाही नीटचा निकाल लागेल, लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगरात बॅनर लागतील, आणि बॅनरवर न आलेल्यांना फोन येतील. त्या हॉलमध्ये बसलात तर बर्फाचे फोटो बघा, काही हरकत नाही. पण पहिला हप्ता भरण्याआधी समोरच्याला विचारा की या देशानं उद्या व्हिसा थांबवला, तर माझ्या मुलाचे तास कुठं आणि कसे भरून निघणार, आणि ते भारतात धरले जाणार का. उत्तर तोंडी घेऊ नका. सही-शिक्क्यानिशी मागा.